तुटक रेषा

मे महिन्यात मोजमापासाठी पुलाखाली उतरले
तेव्हा वर सेहेचाळीस होतं, खाली सावली
आणि नागनदीचा तो वास,
जो नागपूरकराला सांगावा लागत नाही.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं खलाशी बाबुलाल नंदनवारकडे.
गुडघाभर काळ्या पाण्यात उभा राहून तो म्हणाला,
"एवढा मोठा हाय काय हा? वरून तं समजतच नाही, मॅडम."

पाच कमानी. काळा दगड.
चुन्याच्या दर्जा नखानं ओढून पाहिल्या,
नख तुटलं.
मधल्या कमानीच्या कळीच्या दगडावर एक खूण :
विळ्यासारखा बाक, त्याच्या पोटात टिंब.
कुण्या पाथरवटानं मजुरी मोजायला केली असेल,
किंवा उगाच.
मी ट्रेसिंगचा तुकडा लावून वर पेन्सिल घासली.
मोजमाप-वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

तोवर वर तान्हा पोळा कठड्यावरून जायचा.
दगडाच्या सपाट माथ्यावरून
चाकांचे लाकडी बैल घडघडत ओढायची पोरं,
आणि आया खालून त्यांचे पाय धरून चालायच्या.
मीही चाललेय.
माझ्या बैलाचं एक शिंग
अजून त्या गाळात असेल.

म्हणून काय पूल रुंद करू नये?
दोन बसा समोरासमोर आल्या
की सायकलवाला कठड्याला पालीसारखा चिकटायचा.
पराते मास्तरांचा कोपर तिथंच सोलला.
आणि एका गुरुवारी, दिवेलागणीला,
मेथीच्या जुडीसकट शेवंताबाई ढोबळे.
फायलीत 'अपघात : एक' एवढंच आहे.
दगडासाठी मी रडले नाही.
नकाशा मीच काढलाय.

दोन्ही अंगांनी साडेतीन मीटर.
नवे गोल खांब, वर स्लॅब,
आणि मधे तो,
लग्नाच्या फोटोत बसवलेल्या आजोबासारखा,
दोन्हीकडून खांदे दाबले गेलेला,
कुणाच्याच नजरेत न येणारा.
मधल्या लेनचं ओझं मात्र अजून त्याच्याचकडे.

ड्रॉइंगचा नियम साधा असतो :
जे दिसतं ते सलग रेषेनं,
जे झाकलं जातं ते तुटक.
तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर कोरं.
पाचही कमानी मी अशा उतरवल्या,
पेन टेकवत, उचलत, टेकवत,
धावदोरा घालावा तशा.
मोटघरे साहेब म्हणाले, "सुरेख," आणि सही केली.
उत्तर दिशेचा बाण कुणी बघत नाही.
तो मी विळ्यासारखा काढला, पोटात टिंब.
शीट क्रमांक चार. उंदरांनी ठेवली असेल तर.

कठड्याचे दगड खडूनं नंबर घालून काढले होते,
पुन्हा बसवायचे म्हणून.
आठ दिवसांत नंबर पुसले.
एक आता चहाच्या टपरीवर बसायला आहे,
एक ठेकेदाराच्या मोरीत धुणं सोसतो.
बाकीचे भरावात गेले.
म्हणजे पुलातच म्हणायचे, एका अर्थी.

परवा ई-रिक्षानं गेले.
दोन्हीकडे उंच जाळ्या,
जाळीच्या भोकांत अडकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या.
नदी ऐकू येत नाही, पूलही नाही.
फक्त लेन बदलताना चाक एकदा खट् करतं.
नवं काँक्रीट उन्हात हलतं,
जुना आपल्या जागेवरून हटत नाही,
त्या दोघांमधली चीर लांबीभर.
दरसाल डांबर ओततात,
काही ठिकाणी धरतं, काही ठिकाणी उलतं.
"काय रोड बनवून राह्यले बे हे लोक!"
रिक्षावाला वैतागला.
मी बाहेर वाकून पाहत होते.
चीर, डांबर, चीर, डांबर.
माप थोडं चुकलंय.
पण रेष माझीच आहे.